कुंडीतली लिंबोणी

आमच्या मराठवाड्यात 'लिंब' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कडुलिंब उभा राहतो. आंबट फळ ते लिंबू आणि त्याचे झाड ती लिंबोणी. नांदेड जिल्ह्यात मन्याडच्या काठावरील आमच्या गावी घराच्या मागल्या बाजूस न्हाणी होती आणि न्हाणीचे पाणी जेथे जमिनीत मुरत असे तेथे अशी एक लिंबोणी होती. ती कोणी मुद्दाम लावलेली नव्हती. लोणच्याच्या निमित्ताने आईने फेकलेल्या बियांपैकी एक तेथे रुजली, इतकेच. कागदी लिंबाच्या एका बीमध्ये बहुधा एकाहून अधिक अंकुर असतात आणि त्यांपैकी पुष्कळसे मूळ झाडाचीच हुबेहूब प्रत असतात. त्यामुळे बियांपासून वाढलेली लिंबोणी सहसा आईवरच जाते. पाच-सहा वर्षांनी तिला फळे धरू लागली. तिला कोणी कधी घागरभर पाणी घातल्याचे मला आठवत नाही. १९७२ च्या दुष्काळात गावच्या विहिरी आटल्या, मोठी माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली, न्हाणीचा ओलावाही उरला नाही. परंतु लिंबोणी जगली. तिची मुळे कोठवर गेली होती, हे तिचे तिलाच ठाऊक.

पुढे शिक्षकाच्या नोकरीनिमित्त मी लातूरला आलो आणि तेथलाच झालो. दुसऱ्या मजल्यावरचे घर, पूर्वेच्या अंगाला चार हात लांबीची गॅलरी. अंगण नाही आणि न्हाणीचे पाणी कोठे जाते ते पाहण्याची सोयही नाही. तरीही मन मानेना. २०१२ साली एका रोपवाटिकेतून गुटी कलम केलेले कागदी लिंबाचे रोप आणले आणि चौदा इंची मातीच्या कुंडीत लावले. गुटीच्या रोपाला फळ लवकर येते. २०१४ साली तिने अकरा लिंबे दिली. त्यांतील पहिले लिंबू कापले तेव्हा घरात जो वास दरवळला, त्याने मला क्षणभर गावच्या न्हाणीपाशी नेऊन सोडले.

घरात एखादे झाड आणून वाढवणे ही किती साधी आणि निरुपद्रवी गोष्ट! तिच्यात नीतीचा प्रश्न कोठून आला, असे कोणीही विचारील. मलाही २०१६ च्या उन्हाळ्यापर्यंत तसेच वाटत होते. त्या उन्हाळ्यात मला जे शिकावयास मिळाले, ते येथे मांडावयाचे आहे.

*

आधी त्या झाडाविषयी. लिंबूवर्गातील झाडे कुंडीत वाढवणे ही काही आजची कल्पना नव्हे. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने व्हर्साय येथील राजवाड्यात १६८० नंतरच्या दशकात संत्र्याच्या झाडांसाठी एक भव्य दगडी दालन बांधवून घेतले. थंडीत ही झाडे मोठमोठ्या लाकडी पेट्यांसह आत ठेवीत आणि उन्हाळ्यात बाहेर काढीत. आजही तेथे तसेच करतात. या पेट्यांची एक गंमत अशी की त्यांच्या बाजूच्या फळ्या उघडता येतात. मुळे किती वाढली, कोठे अडली, कोठे कुजली हे माळ्याने मधूनमधून पाहावे, यासाठी ती योजना. राजाच्या झाडालाही पेटीत ठेवले की त्याची मुळे कोणीतरी पाहावी लागतात!

तेथे थंडी फार म्हणून झाड आत घेतात. आमच्याकडे जमीन नाही म्हणून घ्यावे लागते. घराच्या आतल्या कोपऱ्यात लिंबोणी शोभेपुरती काही दिवस तग धरते. फळ मात्र देत नाही. तिला दिवसाचे निदान सहा तास ऊन हवे. उन्हातले झाड एकदम सावलीत नेले तर ती रागावल्यासारखी पाने टाकते. कुंडीच्या बुडाला भोक हवे, पाणी साचता कामा नये. आमची काळी माती चुनखडीयुक्त असल्याने झाडाला लोह नीट मिळत नाही. मग शिरा हिरव्या आणि मधली पाने पिवळी पडतात. म्हणून मातीत शेणखत आणि वाळू सढळ हाताने मिसळावी लागते. बोअरच्या जड पाण्यातले क्षार कुंडीत साठून राहतात आणि पानांच्या कडा जळतात. दुसऱ्या मजल्यावरही लिंबाचे फुलपाखरू पत्ता काढीत येतेच. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी त्याची अळी दोन-चार दिवसांत कोवळी पालवी फस्त करते. एवढे सगळे सांभाळले, तर पांढऱ्या फुलांचे झुबके येतात आणि त्यांतून मोहरीएवढी हिरवी फळे धरतात.

या सगळ्यांत एक गोष्ट ध्यानात येते. गावच्या लिंबोणीसाठी यांतले काहीही कोणी केले नव्हते. तिने तिचे ऊन घेतले, तिचे पाणी शोधले, तिच्या अळ्या चिमण्यांनी टिपल्या. कुंडीतल्या झाडाच्या वाट्याचे हे सगळे आपल्याला करावे लागते. कारण ते स्वतः करण्याच्या त्याच्या वाटा आपणच बंद केलेल्या असतात.

*

झाडाला काय कळते, असा एक प्रश्न येथे विचारला जातो. जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे प्रयोग करून वनस्पतीही आघाताला प्रतिसाद देतात हे दाखवून दिले. परंतु प्रतिसाद म्हणजे वेदना असे लगेच म्हणता येत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलच्या विचाराला धरून असे मांडले आहे की वनस्पतींना जीव आहे, वाढ आहे, पण संवेदना नाही. आणि मनुष्याने आपल्या निर्वाहासाठी त्यांचा उपयोग करण्यात पाप नाही. व्यवहारात आपण सारे हेच मानतो. नाहीतर भाजी चिरणेही अवघड व्हायचे!

म्हणजे लिंबोणीला दुःख होते म्हणून आपण तिचे काही देणे लागतो, असे मला म्हणावयाचे नाही. मग देणे आहे ते कोठून आले? सावता माळी मळ्यातील कामातच विठ्ठल पाहत असत, अशी त्यांची ख्याती आहे. त्या भावनेपुढे मी नम्र आहे. पण माझा प्रश्न त्याहून साधा आहे. एखाद्या जिवाची स्वतःचे पोट भरण्याची वाट मी माझ्या सोयीसाठी, माझ्या आनंदासाठी किंवा माझ्या फळासाठी अडवली, तर त्याच्या तहानेचा भार कोणावर येतो?

याचे उत्तर मला कोणत्याही ग्रंथात सापडण्यापूर्वी एका सतरा वर्षांच्या मुलाने दिले.

*

शेतकरी वाचकांना 'ताण देणे' म्हणजे काय हे सांगावयास नको. शहरवासीयांसाठी थोडे सांगतो. लिंबू, मोसंबी, संत्रा या झाडांना वर्षातून आंबे, मृग आणि हस्त असे तीन बहार येऊ शकतात. हवा तो बहार धरण्यासाठी बागाईतदार झाडाचे पाणी काही आठवडे तोडतो. पाने मलूल होतात, काही गळतात, वाढ थांबते. जगण्यासाठी धडपडणारे झाड मग आपली साठवलेली शक्ती फुलांकडे वळवते. नंतर आळी खणून, शेणखत घालून पाणी सोडले की झाड फुलांनी लगडते. हलक्या जमिनीत ताण थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत अधिक दिवस. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'विक्रम' आणि 'प्रमालिनी' यांसारखी घोसाने फळणारी कागदी लिंबाची वाणे दिली, तरी ताण किती द्यावा हे शेवटी ज्याच्या त्याच्या जमिनीकडे पाहूनच ठरवावे लागते.

यात काही क्रौर्य आहे असे मला वाटत नाही. जमिनीतल्या झाडाला वरचे पाणी तोडले तरी खालच्या थरांतला ओलावा असतो. ताण देणाराला झाडाच्या मुळांवर भरवसा असतो.

२०१५ साली पाऊस फारच कमी झाला. मांजरा धरणाचा तळ दिसू लागला. त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस मी एक शहाणपणाचा विचार केला. लिंबोणीचे पाणी तोडावे. पाणीही वाचेल, ताणही बसेल आणि जानेवारीत आंबे बहार येईल. एका दगडात दोन पक्षी! दहाव्या दिवशी तिची निम्मी पाने गॅलरीत पडली. विसाव्या दिवशी फांद्यांची टोके काळी पडू लागली. मी म्हटले, बहाराची लक्षणे आहेत.

चौदा इंचाच्या कुंडीला खालचा थर नसतो, ही एवढी साधी गोष्ट शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या मला सुचली नाही.

*

त्याच वर्षी जूनमध्ये माझा भाचा अकरावी विज्ञान शाखेसाठी आमच्याकडे राहावयास आला होता. 'लातूर पॅटर्न'ची ख्याती आता महाराष्ट्रभर आहे. बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांत लातूरची मुले झळकू लागली तेव्हापासून आसपासच्या जिल्ह्यांतील पालक मुलांना येथे आणू लागले. पुढे वैद्यकीय प्रवेशासाठी नांदेडही असेच मोठे केंद्र झाले. जिद्दी शिक्षक, सराव परीक्षांची शिस्त आणि कष्टाळू मुले यांच्या बळावर हे घडले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या, ऊसतोड मजुराच्या घरातील कित्येक मुले त्यामुळे डॉक्टर आणि इंजिनिअर झाली. ज्या भागाला मागास म्हणून हिणवले गेले, त्याने हे आपल्या हिमतीवर मिळवले. मी स्वतः शिक्षक आहे. या गोष्टीचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवीत नाही.

भाचा गावी असताना दिवसभर उघड्यावर असे. म्हशी राखणे, मन्याडच्या डोहात पोहणे, रात्री आजोबांशी गप्पा मारणे हे सगळे करूनही दहावीला तो शाळेत पहिला आला. आमच्याकडे त्याला उत्तरेकडची लहान खोली दिली. पहाटे साडेचारला उठणे, शिकवणी, महाविद्यालय, पुन्हा शिकवणी आणि रात्री अकरापर्यंत वाचन. पहिल्या चाचणीत गुण कमी आले. दुसऱ्या चाचणीत आणखी कमी. दिवाळीला गावी जाऊ नको, असे मी त्याला सांगितले. त्याचा मोबाईल काढून घेतला. रविवारी मिस्सा आटोपून तो चर्चच्या आवारात मुलांशी बोलत उभा राही, तेही मी बंद केले. त्याचे वडील फोनवर काळजीने विचारू लागले, तेव्हा मी त्यांना जे म्हणालो ते शब्द मला आजही टोचतात. मी म्हणालो, "दाजी, थोडा ताण बसू द्या. ताणाशिवाय बहार येत नाही."

आपल्या भाषेत झाडाच्या तहानेला आणि माणसाच्या मनावरील ओझ्याला एकच शब्द आहे. तो वापरताना माझी जीभ अडखळली नाही.

*

फेब्रुवारी-मार्चपर्यंत लातूरची परिस्थिती काय झाली, हे देशभर वर्तमानपत्रांतून आले होते. नळाचे पाणी आधी आठवड्याने, मग पंधरवड्याने आणि पुढे येईनासेच झाले. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने कृष्णेचे पाणी आणण्याचे ठरले. राजस्थानातील कोटा येथे वाघिणी वाफेने धुऊन आणल्या गेल्या आणि १२ एप्रिलच्या पहाटे दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे साडेतीनशे किलोमीटरचे अंतर तोडून लातूरला पोहोचली. तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे लातूर शहराची वस्ती ३ लाख ८२ हजारांहून अधिक होती. वर्गात गणित शिकवणाऱ्या माणसाला भागाकार केल्यावाचून राहवत नाही. पहिल्या गाडीचे पाणी माणशी सव्वा लिटर पडले. आणि एप्रिलच्या उन्हात चौदा इंची कुंडीतल्या लिंबोणीला, तिने तग धरावा म्हणून, रोज जवळजवळ तेवढेच पाणी लागते.

आमच्या शेजारच्या काकूंनी एके दिवशी गॅलरीतून पाहिले आणि सरळ विचारले, "सर, कुंडी ओली दिसतीया. माणसाला प्यायला नाही आन् तुम्ही झाडाला घालताव?" मी म्हणालो, "नाही हो काकू, मी नोव्हेंबरपासूनच पाणी तोडलंय." पण त्यांचे खरे होते. माती ओलसर होती. आणि इतके महिने मी ज्या झाडाकडे मेलेले समजून पाहिलेच नव्हते, त्याच्या बुंध्याशी चार हिरवी पाने होती.

रात्री भाच्याला विचारले. तो आधी गप्प राहिला. मग त्याने सांगितले. शिकवणीला नेण्यासाठी मामी रोज जी पाण्याची बाटली भरून देत असे, तिच्यातले अर्धे तो पीत असे आणि अर्धे पहाटे कुंडीत ओतून जाई. डिसेंबरपासून त्याचा हा क्रम होता. मला राग आला. पाण्याचा थेंबही मोलाचा झालेला असताना ही चैन! शेजारणीसमोर मी खोटा पडलो, तेही होतेच. मी आवाज चढवून विचारले, "गावाकडं लिंबोणीला कुणी पाणी घालतं का?"

तो खाली मान घालून म्हणाला, "मामा, तिकडची खाली जाऊन पाणी बघती. ही कुठं जाईल?"

मी उत्तर दिले नाही. दिव्याखाली त्याच्याकडे नीट पाहिले, बहुधा कित्येक महिन्यांनी. त्याच्या गालांची हाडे वर आली होती. नखे कुरतडून बोटे सुजली होती. आमच्या घरात त्याला कोठे जाता येत होते? डोह नव्हता, म्हशी नव्हत्या, आजोबा नव्हते. चर्चच्या आवारातली दहा मिनिटेही मी ठेवली नव्हती. ज्या ज्या वाटेने त्याला ओलावा मिळत होता, ती प्रत्येक वाट मी त्याच्या भल्यासाठी बंद केली होती आणि वर म्हणत होतो की ताण बसू द्या.

*

झाड आणि मूल यांची बरोबरी करणे धोक्याचे आहे, हे मी जाणून आहे. झाड फळासाठी लावावे आणि फळ नाही म्हणून तोडावे, यात अन्याय नाही. मूल कोणाच्या फळासाठी जन्मलेले नसते. त्याला स्वतःचा जीव, स्वतःचे मन आणि परमेश्वराने दिलेली स्वतःची वाट असते. झाडाला विचारता येत नाही, मुलाला विचारता येते आणि विचारलेच पाहिजे. मी विचारले नव्हते, हा माझा अपराध झाडाच्या बाबतीतील चुकीपेक्षा फार मोठा. परंतु दोन्ही ठिकाणी कर्तव्याचा उगम मात्र मला एकच दिसतो. ज्याची वाट आपण अडवली, त्याच्या तहानेचे उत्तरदायित्व आपले. मोकळ्यावर असणाऱ्याला ताण सोसतो. कारण त्याला दुसरीकडून घेण्याची मुभा असते. कोंडलेल्याला तोच ताण दिला तर त्याचा शब्द बदलतो. त्याला छळ म्हणतात.

काकूंचा आक्षेपही मी टाळू इच्छित नाही. माणूस तहानलेला असताना झाडाला पाणी घालावे काय? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात, पिण्याचे सुरक्षित पाणी मिळणे हा मूलभूत मानवी हक्क आहे असे स्पष्ट म्हटले आहे. ज्या शहरात म्हातारी माणसे रात्रभर टँकरची वाट पाहत बसत, तेथे पिण्याच्या पाण्यातला वाटा झाडाला देणे योग्य नव्हे. तेथे माणूस आधी. पण भाच्याने दुसऱ्या कोणाचा वाटा घेतला नव्हता. स्वतःचा दिला होता. स्वतःच्या तहानेतून देणे आणि दुसऱ्याच्या तहानेतून देणे यांत फरक आहे. आणि खरे सांगावयाचे तर प्रसंग तितका अटीतटीचा होताही असे नाही. आमच्या घरात तांदूळ-डाळ धुतलेले पाणी तेव्हाही मोरीतून वाहून जातच होते. ते बिनसाबणाचे, बिनखाऱ्या चवीचे पाणी लिंबोणीला पुरले असते. ते बाजूला ठेवण्याचे कष्ट घेण्यापेक्षा 'माणूस आधी' असे म्हणणे मला सोयीचे वाटले होते. मोठी तत्त्वे आपण पुष्कळदा लहान आळसासाठी वापरतो.

*

संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दाखला आपण सर्वांनी ऐकलेला आहे. मळ्याचा मालक तीन वर्षे फळ शोधीत येतो, फळ मिळत नाही, तेव्हा तो झाड तोडून टाकण्यास सांगतो. माळी आणखी एक वर्षाची मुदत मागतो. या दाखल्यावर उपदेश ऐकताना मी नेहमी स्वतःला झाडाच्या जागी ठेवीत असे: देवाने मला मुदत दिली आहे, मी फळ दिले पाहिजे. त्या उन्हाळ्यात प्रथमच माझे लक्ष माळ्याकडे गेले. मालक फळाविषयी बोलतो. माळी स्वतःच्या कामाविषयी बोलतो. झाडाभोवती मी खणीन, मी खत घालीन, असे तो म्हणतो. झाडाला तो काहीही बजावीत नाही. आणि आणखी एक गोष्ट. पुढल्या वर्षी झाडाला फळ आले की नाही, हे प्रभू सांगतच नाही. दाखला तेथेच थांबतो. जणू फळ येणे न येणे हा झाडाचा आणि देवाचा प्रश्न. खणणे हा माळ्याचा.

दुसऱ्या दिवशी मी दाजींना फोन केला. खोटे वाटेल, पण इतके अवघड बोलणे मी आयुष्यात क्वचितच बोललो असेन. ते म्हणाले, "पोरगं नापास झालं का?" मी म्हणालो, "पोरगं नाही, मी." मे महिन्यात भाचा गावी गेला. तो डॉक्टर झाला की नाही, हे मला आजही पुष्कळ लोक विचारतात. मी सांगत नाही आणि येथेही सांगणार नाही. त्याने स्वतः निवडलेली वाट त्याच्या पायाखाली आहे, एवढे पुरे.

लिंबोणीचे मात्र सांगतो. ऑगस्टमध्ये पाण्याची आगगाडी बंद झाली. सप्टेंबरच्या अखेरीस असा पाऊस झाला की कोरडे पडलेले मांजरा धरण भरून वाहिले. ऑक्टोबरात मी कुंडी घेऊन गावी गेलो. जुन्या न्हाणीची जागा अजून ओलसर होती. भाच्याने खड्डा खणला. कुंडी फोडली, तेव्हा आतले दृश्य पाहून आम्ही दोघे काही वेळ बोललोच नाही. मुळे कुंडीच्या आतल्या बाजूने गोल गोल फिरून एकमेकांत गुंतली होती. मातीचा गोळा म्हणजे मुळांचीच चुंबळ झाली होती. मी तो तसाच खड्ड्यात ठेवू लागलो. भाचा म्हणाला, "असं नका ठेवू मामा. असं ठेवलं तर ही जमिनीत बी गोलच फिरत राहील." ते खरे आहे. फार काळ कोंडलेल्या मुळांना नुसती मोकळी जमीन देऊन भागत नाही. त्यांचा वेढा हाताने सोडवावा लागतो, काही मुळे कापावी लागतात. तासभर तो एकेक मूळ अलगद उकलत बसला आणि मी पाणी घालीत राहिलो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांकडे आज अंगण नाही. वसईपासून नांदेडपर्यंत सगळीकडे घरे उंच होत चालली आहेत. लिंबोणी कुंडीत लावू नका, असे मी म्हणणार नाही. आमच्या गॅलरीत आता दुसरी आहे, मोठ्या कुंडीत आणि पूर्ण उन्हात. तांदळाचे धुवण मी रोज स्वतः तिला घालतो. दर दोन वर्षांनी मुळे उकलून, कापून, नवी माती भरतो. त्या व्हर्सायच्या माळ्याप्रमाणे आत काय चालले आहे हे पाहिल्याखेरीज वरून बहाराची अपेक्षा करीत नाही. ताण तर कधीच देत नाही. लिंबे कमी येतात. कोणी त्याविषयी विचारले तर मी म्हणतो, चालेल.

आणि जूनमध्ये एखादा पालक गावाकडून मुलाला घेऊन येतो, खोली कोठे मिळेल, शिकवणी कोणती चांगली असे विचारतो, तेव्हा मला ठाऊक असलेले सगळे मी त्याला सांगतो. मग मुलाकडे वळून, घरी फोन करावासा वाटला तर कोणत्या वेळी करतोस, रविवारी कोणाबरोबर असतोस, असे दोन-तीन प्रश्न विचारतो. पालकांना वाटते, सर उगाच वेळ घालवतात.

मी मूळ पाहत असतो.